एकतीस लाख खिळे

वडगाव मावळच्या स्टेशनावरून पुण्याकडे जाणारे रूळ पुढे कुठे जातात, हे पाहायला एकदा शाळेची सहल काढायला हवी. कार्ले, भाजे, लोहगड आणि महादजी शिंद्यांचे स्मारक ही मावळातल्या मुलांची पायाखालची ठिकाणे. ही सहल उलट्या दिशेने, सपाटीकडे न्यायची. लोकलने पुणे गाठायचे, तिथे दौंडकडे जाणारी गाडी पकडायची आणि पुण्याच्या पूर्वेला पन्नास-साठ किलोमीटरवरच्या केडगावला उतरायचे. तिथे पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन आहे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ निराधार स्त्रिया आणि मुले तिथे राहत आली आहेत.

निघण्यापूर्वी मुलांनी एक साल पाठ करावे : १८५८. त्या वर्षी २३ एप्रिलला सह्याद्रीच्या दक्षिण भागात, गंगामूळच्या अरण्यात, अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई यांच्या पोटी रमा जन्मली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १४ जूनला, खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली आणि मावळात पहिल्यांदा इंजिनाची शिट्टी घुमली. बोरघाटातला मार्ग तेव्हा तयार नव्हता. तो १८६३ मध्ये झाला आणि तोवर प्रवासी घाट पालखीने किंवा तट्टावर बसून चढत. १८५८ च्याच १५ डिसेंबरला हे रूळ पुण्याहून भीमेकाठच्या डिकसळपर्यंत पोचले, म्हणजे केडगावच्या माळावरून पुढे गेले. रमाबाई आणि त्यांच्या कामाचा हा लोहमार्ग एकाच वर्षाची लेकरे. असे योगायोग काही सिद्ध करत नाहीत हे मला कळते, तरी हा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अनंतशास्त्री हे फार वेगळे गृहस्थ होते. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला, आणि त्यांनी तो शास्त्रांचेच दाखले देऊन दिला. पुढे हे कुटुंब पुराण सांगत देशभर पायी फिरले. आईने लेकीला तोंडी संस्कृत शिकवले आणि भागवताचे हजारो श्लोक तिच्या जिभेवर बसले. मग १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. उपासमारीने आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, चालत चालत उत्तरेकडे गेली आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. ज्या मुलीने आईवडिलांना अन्नावाचून मरताना पाहिले होते, तिला दुष्काळ म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायचे नव्हते. केडगावात पुढे जे घडले त्याची मुळे इथे आहेत.

मधली वर्षे भराभर सांगतो. लग्न, दोन वर्षांच्या आत वैधव्य, पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज आणि हंटर आयोगापुढे साक्ष. १८८३ मध्ये इंग्लंड आणि तिथे ख्रिस्ती धर्माचा स्वीकार. पुढे अमेरिका. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांच्या नात्यातल्या रमाबाई समारंभाला हजर होत्या. बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ ला, मुंबईत चौपाटीजवळ रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. तिथे शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला, तोही ११ मार्चला, १८९३ मध्ये. महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात ही तारीख अशी तीनदा येते.

शारदा सदन पुण्यात आल्यावर मोठे वादळ उठले. मुलींना ख्रिस्ती केले जाते, असा आरोप ‘केसरी’ने लावून धरला. १८९३ मध्ये अनेक पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या, आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही दूर झाले. ज्यांच्या घरातली मुलगी तिथे होती त्यांना वाटलेली भीती खोटी म्हणून उडवून लावणे बरे नाही. विद्यार्थ्यांना हा वाद दोन्ही बाजूंनी सांगावा. मात्र त्या गदारोळात रमाबाईंचे नाव मराठी घरांतून जे पुसट झाले ते आजही पुरते उजळलेले नाही, आणि हे आपले नुकसान आहे असे मला मनापासून वाटते.

रमाबाईंनी केडगावजवळ शंभरेक एकर जमीन घेतली ती फळबागेसाठी, सदनाला हक्काचे उत्पन्न असावे म्हणून. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, एवढ्या जणींना शहरात ठेवणे अशक्य होते. केडगावची मोकळी जमीन कामी आली. आधी झोपड्या, मग विहिरी, मग दगडी इमारती. १८९९-१९०० मध्ये गुजरात-राजपुताना दुष्काळाने होरपळला तेव्हा आणखी शेकडो आल्या. दीड-दोन हजार माणसांचे एक गावच माळावर वसले. शेती, गाईगुरे, हातमाग, तेलघाणा, शिवणकाम असे सगळे तिथे चाले आणि ते चालवणाऱ्या बायकाच होत्या. तिथे एक छापखानाही होता. माझा जीव अडकतो तो या छापखान्यात.

आज फोनवर अंगठा फिरवला की देवनागरी उमटते. शिशाच्या खिळ्यांच्या काळात हे काम काय होते, ते समजून घेतल्याशिवाय मुक्तीचा छापखाना कळणार नाही.

खिळा म्हणजे जेमतेम इंचभर उंचीचा धातूचा चौकोनी तुकडा. त्याच्या एका टोकावर अक्षर असते, उठावात आणि उलटे, आरशात दिसते तसे. धातू नुसते शिसे नसते. शिसे मऊ असल्याने दाबाखाली चेपते, म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात. अँटिमनीचा गुण विलक्षण आहे. बहुतेक धातू थिजताना आकसतात, अँटिमनी थिजताना किंचित फुगते. त्यामुळे साच्याच्या कानाकोपऱ्यांत धातू भरून राहतो आणि अक्षराची कड धारदार निघते. आपल्या आजी-आजोबांनी वाचलेले प्रत्येक पुस्तक या एका गुणावर उभे होते.

हे खिळे लाकडी पेटीत, म्हणजे केसमध्ये, लहान लहान घरांत ठेवलेले असतात. मिसळणाच्या डब्यातली मोहरी-हळद जशी सवयीने हाताला सापडते, तसा जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कारागीर, न बघता खिळा उचलतो. डाव्या हातात स्टिक म्हणजे धातूची छोटी चौकट असते, तिच्यात एकेक खिळा रचत ओळ तयार होते. ओळ डावीकडून उजवीकडेच भरते, पण अक्षरे डोक्यावर उभी असतात. म्हणजे आपली शिरोरेषा जुळाऱ्याला खाली दिसते आणि उकार वर. तशा उलट्या मजकुरातली चूक त्याने तिथल्या तिथे पकडायची असते.

आता देवनागरीची खरी अडचण पाहा. इंग्रजीत सव्वीस मोठी आणि सव्वीस लहान अक्षरे, त्यांत अंक आणि विरामचिन्हे मिळवली की काम भागते. आपल्याकडे मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, वेलांटी कुशीत आणि जोडाक्षरांना तर अंतच नाही. यावर दोन तोडगे निघाले. एक अखंड पद्धत : मात्रा-उकारासकट अक्षराचा एकच खिळा ओतायचा. यात अक्षरे देखणी दिसतात, पण खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी वाढतात. दुसरी डिग्री पद्धत, जी मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी रूढ केली : अक्षर वेगळे, वरची चिन्हे वेगळी, खालची वेगळी. खिळ्यांचे प्रकार कमी होतात, मात्र छापलेली मराठीची एक ओळ ही धातूत तीन ओळी असते. ‘पुणे’ हा एवढासा शब्द घ्या. मधल्या ओळीत प आणि ण, वर ण-ची मात्रा, खाली प-चा उकार. शिवाय वर प-च्या डोक्यावर आणि खाली ण-च्या पायाशी जी मोकळी जागा राहते तीही कोऱ्या तुकड्यांनी भरावी लागते, नाहीतर सगळी ओळ ढासळते. दोन अक्षरांना सहा तुकडे!

ही कला आपल्याकडे फार उशिरा आली, म्हणून हा तपशील मला इतका महत्त्वाचा वाटतो. १६१६ मध्ये गोव्यात फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, अस्सल मराठी, पण छापल्या रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच हाताशी नव्हते. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे गेली तेव्हा कुठे १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांच्या मंडळींनी मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत काढले. मुंबईत अमेरिकन मिशनने छापखाना घातला आणि त्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले. त्याच मिशनच्या ओतशाळेत लहानपणी राबलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर उभारला, ज्याचे संस्कृत ग्रंथ काशीपर्यंत नावाजले गेले. बायबल छापण्यासाठी आलेल्या यंत्रांपाशी शिकलेल्या हातांनी पंचांगे, पोथ्या आणि काव्ये घरोघर नेली. मिशनचा इतिहास पाहायला निघालेल्या मुलांना हा धागा जरूर दाखवावा. मराठी वाचन ज्या रस्त्याने आपल्या घरात आले, त्या रस्त्यावर सगळ्या धर्मांच्या माणसांची पावले आहेत.

रमाबाईंनी ठरवले की बायबलचे भाषांतर आपण स्वतः करायचे. तोवर मराठीत बायबल नव्हते असे नाही. पण त्याची भाषा शाळेत न गेलेल्या बाईला अवघड जाते, असे त्यांना वाटे. ऐकणारीला चटकन समजेल अशी साधी मराठी त्यांना हवी होती. भागवत तोंडपाठ असलेली, संस्कृतचे पांडित्य मिरवू शकणारी बाई मुद्दाम सोप्या भाषेकडे वळते, हे मला त्यांच्या साऱ्या आयुष्यातले मोठे धाडस वाटते. भाषांतर मुळावरून करायचे म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ऐकायला कमी येऊ लागले होते, अंगावर शेकडो जणींचा संसार होता, आणि तरी सुमारे अठरा वर्षे हे काम चालू राहिले.

आता आकडा मांडू या. प्रोटेस्टंट परंपरेच्या बायबलात ६६ पुस्तके, १,१८९ अध्याय आणि ३१ हजारांहून थोडी अधिक वचने असतात. एका वचनाला सरासरी शंभर खिळे धरले, आणि हा माझा अंदाज कमीच असावा, तरी एकतीस लाख खिळे होतात. एकतीस लाख वेळा हात पेटीकडे गेला. तेवढे खिळे एका छापखान्याजवळ एकाच वेळी कधीच नसतात, म्हणून काही पानांचा फर्मा जुळवायचा, प्रूफ काढायचे, चुका दुरुस्त करायच्या, हव्या तितक्या प्रती छापायच्या, फर्मा सोडायचा आणि एकेक खिळा धुऊन परत आपल्या घरात टाकायचा. मग त्याच खिळ्यांतून पुढची पाने. म्हणजे एकतीस लाख वेळा उचलणे आणि एकतीस लाख वेळा परत ठेवणे. घर चुकले की पुढच्या पानात भलतेच अक्षर उगवणार! आणि फर्मा एकदा सुटला की त्या पानावरची चूक कायमची राहणार, म्हणून प्रूफ तपासणाऱ्यावर सगळा भार. रमाबाई शेवटपर्यंत प्रुफांवर बसून होत्या त्याचे कारण हे.

हे जुळारीकाम, छपाई आणि बांधणी करणाऱ्या मुक्तीतल्या मुली आणि बायका होत्या. दुष्काळात हाडांचा सापळा होऊन आलेल्या, एका अक्षराची ओळख नसलेल्या मुली तिथे आधी वाचायला शिकल्या आणि मग त्यांतल्या काहींनी अक्षरे उलटी वाचायची विद्या कमावली. ज्या काळात बाईने सुलटे अक्षर गिरवले तरी शेजारीपाजारी कुजबुज होई, त्या काळात.

१९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. आईचा उजवा हात गेला. रमाबाईंनी काम थांबवले नाही. शेवटची प्रुफे पुरी होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी प्रार्थना त्या करत आणि ती पुरी झाल्यावरच त्यांनी प्राण सोडला, असे मिशनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ५ एप्रिल १९२२ हा तो दिवस. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. मराठी चर्चमध्ये आज बहुतेक ठिकाणी बायबल सोसायटीची आवृत्ती वाचली जाते, रमाबाईंची नाही. पण मुळातून मराठीत उतरवलेले, एका बाईने केलेले आणि बायकांनीच छापलेले संपूर्ण बायबल, ही गोष्ट जगात कुठेही सांगितली तरी ऐकणारा थबकेल.

मावळच्या मुलांना इथे एक गोष्ट चटकन उमगेल. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर आणि भिंतींवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. वैजयंतीचा सावकार आहे, धेनुकाकटचे यवन आहेत आणि दार घडवणारा एक सुतारसुद्धा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या सुताराचे नाव आपण आज वाचू शकतो. केडगावात खिळे जुळवणाऱ्या मुलींपैकी किती जणींची नावे आपल्याला सांगता येतील? सहलीला गेलेल्या एखाद्या वर्गाने मिशनच्या माणसांना हे विचारावे, जुने फोटो पाहायला मागावेत आणि जी नावे मिळतील ती वहीत उतरवून आणावीत. प्रकल्प म्हणून याच्याइतके मोलाचे काम मला सुचत नाही.

त्या छापखान्यातून निघालेल्या कागदाचा प्रवासही चकित करणारा आहे. १९०५ मध्ये मुक्तीत मोठी धर्मजागृती झाली. शेकडो मुली रात्रंदिवस प्रार्थनेत बुडाल्या. रमाबाईंबरोबर काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी त्यावर एक पुस्तिका लिहिली आणि ती १९०६ मध्ये केडगावच्या छापखान्यात छापली. तिची एक प्रत त्यांनी आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. ही मैत्रीण, मे हूवर, दक्षिण अमेरिकेत चिलीच्या वालपरायझो बंदरात मेथडिस्ट पाळकाची पत्नी म्हणून राहत होती. ती पुस्तिका वाचून हूवर दांपत्य हलून गेले आणि १९०९ मध्ये तिथे जी चळवळ उसळली तिच्यातून चिलीतली पेंटेकोस्टल चर्चे जन्मली. आज त्यांचे लाखो अनुयायी आहेत. नकाशा उघडून केडगाव आणि वालपरायझो यांच्यात बोटाने रेघ ओढून पाहा. अर्धी पृथ्वी मधे येते!

छापखान्याच्या पलीकडे आणखी एक अक्षरविद्या मुक्तीत रुजली. मनोरमाने तिथल्या अंध मुलींना ब्रेल शिकवले. सहा टिंबांच्या उंचवट्यांतून त्रेसष्ट चिन्हे होतात आणि बोटाच्या टोकाने वाचता येतात. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरले ते १९५१ मध्ये, म्हणजे मनोरमाच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. दृष्टी नसलेल्या मुलीलाही वाचता आले पाहिजे, हा हट्ट केडगावच्या माळावर त्याच्या किती आधी धरला गेला होता!

सहलीला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. मुक्ती मिशन हे नुसते जुन्या वास्तूंचे आवार नाही, तिथे आजही बायका-मुले राहतात. आधी पत्र पाठवून परवानगी घ्यावी, मुलांचे फोटो काढू नयेत, कुणाला तिच्या आयुष्याबद्दल खोदून विचारू नये. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून जातो तसे जावे, म्हणजे बोलणारी माणसे आपणहून बोलतात.

आणि जाण्याआधीच्या आठवड्यात वर्गात एक काम करावे. घरातले १९७०-७५ च्या आधी छापलेले कुठलेही मराठी पुस्तक आणायला सांगावे आणि एक भिंग घ्यावे. शिरोरेषेकडे नीट पाहिले तर ती सलग नसते. प्रत्येक खिळ्याने आपापला तुकडा आणलेला असतो आणि झिजलेल्या खिळ्यांपाशी बारीक फटी दिसतात. पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवले तर दाब बसलेली अक्षरे हाताला लागतात. मग प्रत्येकाने आपले आणि आईचे नाव घेऊन ते डिग्री पद्धतीने तीन ओळींत मांडावे, आणि कोऱ्या तुकड्यांसकट किती खिळे लागतात ते मोजावे. वडगाव-तळेगावात लग्नपत्रिका छापणारा एखादा जुना प्रेसवाला सापडला आणि त्याने अडगळीतली केस काढून दिली, तर तीच नावे खऱ्या खिळ्यांनी जुळवून पाहावीत. पहिल्या नावाला बराच वेळ लागेल.